कोळशाची खाण आणि विहिरीचे पाणी

मी जमिनीच्या पोटातल्या पाण्याबद्दल लिहीत आहे. पण आपल्या विहिरीपेक्षा चंद्रपूरकडच्या कोळशाच्या खाणीबद्दल जास्त लिहिणार आहे, कारण माझे मामा तिथे एका भूमिगत खाणीत पंपखलाशी आहेत. पंपखलाशी म्हणजे खाणीत साचलेले पाणी पंपाने बाहेर काढणारा माणूस.

आधी एक प्रश्न. वर्गात एकाने विचारला होता. आपल्या डोंगरात कोळसा का सापडत नाही? गुरुजींनी सांगितले की आपला डोंगर काळ्या दगडाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तापलेला रस वर आला, थरावर थर पसरला आणि थंड होऊन दगड झाला. कोळसा तर झाडांचा होतो. त्या रसात झाड पडले तर जळूनच जाणार!

चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर या भागातला कोळसा त्याहून खूप जुना आहे. पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वी तिथे दलदलीची रानेच राने होती. झाडे पडली, त्यांच्यावर वाळू-गाळ बसला, पुन्हा झाडे, पुन्हा गाळ. दाबून दाबून त्यांचा कोळसा झाला. त्या खडकांना गोंडवन खडक म्हणतात. गोंड लोकांच्या मुलखावरून हे नाव पडले आणि आता सगळ्या जगाच्या पुस्तकांत आहे. कोळसा असतो त्या थरांना बाराकर म्हणतात. त्यांच्या वर बऱ्याच ठिकाणी कामठी नावाचा वाळूचा दगड असतो. कामठी हे नागपूरजवळचे गाव.

आपल्या गावचे विनोबा भावे पुढे पवनारला धाम नदीच्या काठी राहिले, हे सर्वांना माहीत आहे. त्या धाम नदीचे पाणी पुढे वर्धा नदीला जाऊन मिळते. त्याच वर्धेच्या खोऱ्यात खाली वरोरा, घुग्घुस, बल्लारपूर ही कोळशाची गावे आहेत. नकाशात बोट फिरवून बघा, सापडते.

आता पाण्याकडे येऊ. मामांनी मला वाळूच्या दगडाचा एक तुकडा आणून दिला आहे. त्याच्यावर पाण्याचा थेंब टाकला की थेंब आत जातो, नुसता डाग राहतो. आपल्या काळ्या दगडावर टाकला की ओघळून खाली पडतो. म्हणून तर पेणच्या भागात पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो तरी मे महिन्यात आपल्या विहिरी तळाला जातात. आपल्याकडे पाणी राहते ते मुरमात आणि दगडाच्या भेगांत. बाकीचे ओढ्यातून नदीला आणि नदीतून खाडीला. चंद्रपूरला पाऊस आपल्या निम्म्याच्या आसपास, पण तिथला वाळूचा दगड पाणी पिऊन बसतो. शेतकऱ्याला हे चांगले. खाणीत काम करणाऱ्याला मात्र त्याचीच भीती.

कारण कोळसा त्या ओल्या दगडाच्या खाली असतो. मामांची खाण सुमारे दीडशे मीटर खोल आहे. आमची विहीर पंचवीस फूट आहे. मी गणित केले. अशा वीस विहिरी एकावर एक ठेवल्या तर मामा काम करतात तिथे पोचू. खाली काळोख असतो, टोपीवर दिवा लावून जावे लागते. छप्पर पडू नये म्हणून कोळशाचेच मोठमोठे खांब मध्ये सोडून देतात आणि आजूबाजूचा कोळसा काढतात. छतातून आणि भिंतीतून पाणी ठिबकत असते. ते चरातून उताराने एका मोठ्या खड्ड्यात आणतात आणि तिथून पंपाने वर फेकतात. रात्रंदिवस, दिवाळीलासुद्धा. मामा म्हणतात, "कोळशापेक्षा आम्ही पाणीच जास्त काढतो." मामी म्हणते, "यांच्या पंपाची घरघर झोपेत पण यांना ऐकू येते."

आता मामीची गोष्ट. तिचे माहेर खाणीजवळच्या एका खेड्यात आहे. तिच्या लहानपणी विहिरीला बारा महिने पाणी असे. आता ती विहीर होळीच्या आधीच आटते. असे का होते ते बघायला आम्ही तिघांनी नदीच्या वाळूत दोन खड्डे केले. एक लहान आणि चार हातांवर एक खोल. दोन्हीत पाणी जमले. मग खोल खड्ड्यातले पाणी वाटीने उपसत राहिलो. साठ वाट्या मोजल्या तेव्हा लहान खड्ड्यातले पाणी खाली गेले आणि थोड्या वेळाने त्यात नुसती ओली वाळू राहिली. त्या लहान खड्ड्याला आम्ही हातही लावला नव्हता! खोल खड्डा म्हणजे खाण आणि लहान खड्डा म्हणजे मामीच्या माहेरची विहीर.

मग मी मामांना फोनवर विचारले, "मामा, पंप बंद का करत नाही?" ते आधी हसले. मग म्हणाले, "बाळा, पंप बंद केला तर खाली पोरं आहेत ना." मला यावर काही बोलता आले नाही. अजून मी विचार करतो. मामीच्या वडिलांचे पण खरे आहे आणि मामांचे पण खरे आहे.

पाणी किती भयंकर असते ते सांगतो. धनबादजवळ चासनाला नावाची खाण आहे. २७ डिसेंबर १९७५ रोजी तिथे पाणी एकदम आत घुसले आणि ३७० हून जास्त कामगार बुडून मेले. जुन्या खाणीत साठलेले पाणी मधली भिंत फोडून आले. म्हणून जुन्या खाणीचा नकाशा नीट ठेवावा लागतो. पाणी भरलेल्या जुन्या खाणीपासून ६० मीटरच्या आत काम करायचे असेल तर परवानगी घ्यावी लागते, आणि पुढे आधी भोके पाडून बघावे लागते की पाणी आहे का.

नोव्हेंबर १९८९ मध्ये बंगालमध्ये राणीगंजजवळच्या महाबीर खाणीत असेच पाणी शिरले. पण तिथे जसवंतसिंग गिल नावाच्या इंजिनियरांनी जमिनीतून रुंद भोक पाडून लोखंडाची एक नळकांड्यासारखी कुपी खाली सोडली. ते स्वतः आधी खाली गेले. एका वेळी एक माणूस असे ६५ जण वर काढले आणि स्वतः शेवटी आले. ही गोष्ट मी आजीला दोनदा वाचून दाखवली.

वर काढलेल्या पाण्याचे काय करतात? कोळशाच्या दगडात गंधक असले तर पाणी खराब होते, कधी आंबट होते. गढूळ तर असतेच. ते तळ्यात निवळू देतात, रस्त्यावरची धूळ बसवायला मारतात, काही ठिकाणी शेताला देतात. नागपूरजवळ पाटणसावंगीला खाणीचे पाणी शुद्ध करून बाटल्यांत भरले, त्याला 'कोल नीर' नाव दिले. मामीच्या माहेरी खाणीचे पाणी नाल्याने शेतापर्यंत येते. त्यावर कापूस जगतो. पिण्याचे पाणी मात्र टँकरने येते आणि तो कधी येईल याचा नेम नाही.

खाण बंद झाली की पंपही बंद करतात. मग पाणी हळूहळू चढते आणि सगळे बोगदे भरून टाकते. जवळच्या विहिरींना पुन्हा पाणी येऊ शकते, पण ते पिण्याजोगे आहे की नाही ते तपासावे लागते. मामांची खाण अजून चालू आहे.

मामांनी दिलेला वाळूचा दगड आणि ओढ्यातला एक काळा दगड या भित्तिपत्रकाखाली बाकावर ठेवला आहे. शेजारी तांब्या आहे. थेंब टाकून बघा. वाळूचा दगड ओला झाला असेल तर उन्हात ठेवा, म्हणजे पुढच्याला बघता येईल.