कच्च्या वाटेसाठी कोणती बाइक?

प्रश्न : मी फुलपाड्याला राहतो. उंची साडेपाच फूट. रोज विरार स्टेशन आणि सुट्टीच्या दिवशी जव्हार-मोखाड्याकडच्या कच्च्या वाटा, या दोन्हींसाठी भरवशाची बाइक सुचवा.

उत्तर : आधी वजन बघा, सीसी नंतर. पापडखिंड धरणाच्या बाजूला पावसाळ्यात चिखलात गाडी आडवी झाली, तर ती एकट्याला उचलता आली पाहिजे. हिमालयन ४५० दणकट आहे, पण जवळपास २०० किलोची. हिरो एक्सपल्स २०० फोरव्ही १६० किलोच्या आसपास. तुमच्या वापराला माझं मत तिलाच. पुढचं चाक २१ इंची, मागचं १८, जमिनीपासूनची उंची २२० मिलिमीटर. हायवेला मात्र ती दमते, हे धरून चाला. सीट ८२५ मिलिमीटरवर असल्याने तुमच्या टाचा उचललेल्या राहतील. आठवड्याभरात सवय होते.

सेकंडहँड घेणार असाल तर मेकॅनिकला सोबत न्या. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवरून बोट फिरवा. तेल लागलं तर सील गेलंय. आऱ्यांवर पान्याने हलकेच टिचक्या मारा, ढिल्या आऱ्याचा आवाज बद्द येतो. टायर ट्यूबचे आहेत, तेव्हा पंक्चर काढायला शिकून घ्या. मोखाड्याच्या आडवाटेला पंक्चरवाला कुठून मिळणार?

आणि तुंगारेश्वर घराजवळ असलं तरी ते अभयारण्य आहे. तिथे वाट सोडून गाडी घालू नका.