‘शिष्टाई’ शब्दाचा अर्थविचार

दोन भावांत वितुष्ट आले की कोणी वडीलधारे मध्ये पडतात. त्यांच्या या कार्यास आपण ‘शिष्टाई’ म्हणतो. या शब्दाचा अर्थ आज आपण पाहू.

‘शास्’ म्हणजे शिकविणे, शासन करणे. या धातूपासून ‘शिष्ट’ शब्द झाला. ज्याच्या मनास व वाणीस वळण लागले आहे, तो शिष्ट. त्याचे वर्तन तो शिष्टाचार, आणि समेटासाठी त्याने केलेली रदबदली ती शिष्टाई. बोलण्यात मात्र ‘शिष्ट’ म्हणजे आढ्यतेखोर, असाही अर्थ रूढ झाला आहे; आणि गोड बोलून वेळ मारून नेणे यासच कित्येक शिष्टाई समजतात. खरी शिष्टाई याहून कठीण आहे.

महाभारताच्या उद्योगपर्वात श्रीकृष्ण शिष्टाईसाठी हस्तिनापुरास गेले. दुर्योधनाचे भोजनाचे आमंत्रण त्यांनी नाकारले. कार्य सिद्ध झाल्यावरच दूताने भोजन घ्यावे, असे सांगून ते विदुराघरी जेवले. पुढे भर सभेत त्यांनी दुर्योधनास त्याचे हित समजाविले. परंतु पांडवांचा न्याय्य हक्क सोडला नाही. सुईच्या अग्राएवढीही भूमी मिळाली नाही. शिष्टाई निष्फळ झाली. तथापि युद्धाचा दोष कोणाकडे, हे सर्वांस कळून चुकले.

म्हणून आम्हांस वाटते की, मध्यस्थाने कोणाचेही मिंधे होऊ नये; सत्य सौम्य शब्दांत, पण पुरतेपणी सांगावे. घरच्या वाटणीच्या बैठकीस बसताना एवढे स्मरणात असावे. समेट न झाला तरी अशा मध्यस्थाच्या शब्दाने दुही वाढत नाही.