किटलीखालची हवा

उष्णतेचे वहन पुस्तकात शिकलो होतो. तरी स्नेहसंमेलनाच्या चहासाठी विजेची मोठी किटली वडिलांच्या टेबलावर तासभर उकळत ठेवली आणि लॅमिनेट फुगले. त्याखालचा सरस 100 अंशांच्या आतच मऊ पडतो. (बेळगावच्या उंचीवर पाणी 97-98 अंश सेल्सिअसलाच उकळते, पण तेवढ्याने टेबल वाचत नाही!) पुढच्या वेळी खाली स्टीलची ताटली ठेवली. तीही चूकच. स्टेनलेस स्टील लाकडाच्या सुमारे शंभरपट उष्णतावाहक आहे. फरशीचा तुकडा सावकाश तापतो, पण तापतोच. अखेर त्या फरशीला चार बुचांचे पाय दिले. बूच मंदवाहक, शिवाय मधल्या फटीतून हवा खेळते. तासाभराने टेबल जेमतेम कोमट लागले. बुचे मात्र एकाच जाडीची कापावीत. उकळती किटली कलंडली तर माणूस भाजेल.