पहिले घर : डागडुजी, स्वयंपाक आणि हिशेब
(लखनौच्या चौकातील जुन्या घरांच्या निमित्ताने)

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' या म्हणीचा प्रत्यय गृहकर्ज घेणाऱ्या प्रत्येक ग्राहकास येतो. मात्र घर ताब्यात आल्यानंतर काय करावे, याविषयी म्हण मौन बाळगते. खरेदीखताची नोंदणी होते, विक्रेत्याच्या हाती रक्कम पडते, किल्ल्या मिळतात आणि दुसऱ्याच दिवशी लक्षात येते की नळ गळतो आहे, भिंतीला ओल आली आहे आणि स्वयंपाकघरात दिवा लावला की पंखा मंदावतो. भाड्याच्या घरात अशा तक्रारी मालकाकडे नेता येत असत. आता मालक आपणच. प्रस्तुत लेखात या नव्या मालकीच्या पहिल्या वर्षाचा विचार करावयाचा आहे.

उदाहरणासाठी लखनौचा चौक निवडला आहे. महाराष्ट्रातील माणसास हे शहर परके नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ साली येथे मॅरिस संगीत महाविद्यालय उभे राहिले आणि पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी ते अनेक वर्षे सांभाळले. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' हिंदीत नेणारे अमृतलाल नागर याच चौकातील एका जुन्या हवेलीत राहून लेखन करीत. आजही बँका, रेल्वे व संशोधन संस्थांतील नोकरीच्या निमित्ताने मराठी कुटुंबे या शहरात येतात आणि काही येथेच स्थिरावतात.

घराची जात ओळखावी

नवाब आसफउद्दौला यांनी १७७५ साली राजधानी फैजाबादहून लखनौस आणली. त्यानंतर शहराचा जो विस्तार झाला, त्याचा कणा म्हणजे गोल दरवाजा ते अकबरी दरवाजा हा चौकाचा पट्टा. येथील जुनी घरे लखौरी विटांची आहेत. ही वीट आजच्या विटेहून बरीच पातळ व लहान असते. जाडी जेमतेम बोटभर. ती चुना आणि सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांचा चुरा, यांच्या मिश्रणात बसवीत. उडीद, गूळ, बेलफळाचा गर असे पदार्थही त्यात घालण्याची रीत होती. १७८४ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून ज्याचे बांधकाम हाती घेतले गेले, तो बडा इमामबाडा याच साहित्याचा आहे. सुमारे ५० मीटर लांब व १६ मीटर रुंद अशा त्याच्या मुख्य दालनाच्या छतास ना तुळई आहे, ना मधला खांब.

आपल्याकडील वाड्यांचे बांधकाम पाहिलेल्या वाचकांस हे ओळखीचे वाटेल. पुण्या-साताऱ्यातही चुना घाणीत मळून वापरीत. तेव्हा पुढील विवेचन चौकापुरते नसून चुन्यात बांधलेल्या कोणत्याही घरास लागू आहे.

ओल का येते आणि का राहते

लखौरी भिंत जमिनीतील व पावसातील थोडे पाणी शोषून घेते आणि कोरड्या हवेत ते बाहेर सोडते. चुन्याच्या गिलाव्यास सूक्ष्म छिद्रे असल्यामुळे हे शक्य होते. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविला आणि वर तैलरंग लावला, की बाष्पाचा मार्ग बंद होतो. पाणी आतच कोंडते, भिंतीत वर चढते, क्षार पृष्ठभागाशी साचतात आणि भिंतीला लोणा लागतो. इकडे त्याला 'नोना' म्हणतात. पुढे गिलाव्याचे पापुद्रे सुटतात व त्यासोबत विटेची कडही भुरभुरते. बहुतेक नवे मालक अशा वेळी आणखी सिमेंट लावतात. पैसा खर्च होतो आणि दोन पावसाळ्यांनंतर ओल हातभर वर सरकलेली आढळते.

उपायाचा क्रम असा असावा. प्रथम पाणी कोठून येते ते शोधावे : गच्चीची पन्हळ, शेजारच्या मोरीचा नळ की जमीन? भिंतीवर वीतभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवावा. थेंब भिंतीच्या बाजूस जमले तर ओल भिंतीतील आहे. खोलीच्या बाजूस जमले तर दोष कोंदट हवेचा आहे व खिडकी उघडी ठेवणे हाच बिनखर्चाचा उपाय. पाण्याचा उगम बंद केल्यावर सिमेंटचा गिलावा हलक्या हाताने काढून भिंत एक हंगामभर सुकू द्यावी. लोणा कोरड्या ब्रशने झाडावा. धुतल्यास क्षार पुन्हा आत मुरतो. त्यानंतर चुना-सुरखीचा गिलावा आणि वर चुन्याचीच सफेदी करावी. कळीचा चुना विरविताना चुना पाण्यात थोडाथोडा सोडावा. चुन्यावर पाणी ओतू नये, कारण तो उसळून डोळ्यांस इजा करतो. हे काम जाणत्या गवंड्याकडूनच करून घ्यावे.

चुना हवेतील कर्बवायू शोषून सावकाश घट्ट होतो. म्हणून लखनौत या कामास पावसाळा संपल्यानंतरचे ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने उत्तम. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात व कडाक्याच्या थंडीत ते काढू नये.

कुदळ मारण्यापूर्वी

चौकातील घर घेणाऱ्याने एक कायदेशीर बाब अवश्य तपासावी. बडा इमामबाडा व रूमी दरवाजा ही केंद्र शासनाची संरक्षित स्मारके येथून जवळ आहेत. प्राचीन स्मारकांसंबंधीच्या कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र नियंत्रित असते. प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम करता येत नाही. १६ जून १९९२ पूर्वीपासून उभ्या असलेल्या इमारतीची दुरुस्ती करता येते, परंतु सक्षम अधिकाऱ्याची परवानगी घेऊनच. दुरुस्तीच्या कर्जासाठी अर्ज करतेवेळी ही परवानगी हाती असल्यास ग्राहकाचे हेलपाटे वाचतात आणि मुख्य म्हणजे काम अर्धवट थांबण्याचा धोका टळतो. पुणे, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर), वसई अशा ठिकाणच्या वाचकांनीही संरक्षित स्मारकापासूनचे आपले अंतर पाहून ठेवावे.

दुसरी बाब सामाईक भिंतीची. दाट वस्तीत दोन घरांची भिंत एकच असते. तीत कपाट कोरण्यापूर्वी शेजाऱ्याची लेखी संमती घ्यावी. चौकात शेजाऱ्याशी 'आप' म्हणून बोलण्याची रीत आहे; कागदावर सही मागतानाही ती सोडू नये.

कामांची तीन खाती

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास भांडवली खर्च व महसुली खर्च यांतील भेद शिकविला जातो. घरासाठी कामांची तीन खात्यांत विभागणी करावी.

पहिले खाते 'थांबल्यास नुकसान' असे. वीज, गॅस, गळती व छत यांची कामे यात येतात आणि ती राहावयास जाण्यापूर्वीच उरकावीत. जुन्या घरातील वायरिंग परवानाधारक तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे, अर्थिंग मोजून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवावे. गळक्या विद्युतप्रवाहाचा धक्का बसताच हे उपकरण क्षणार्धात वीज तोडते. विजेच्या पेटीतील काम स्वतः करू नये.

दुसरे खाते 'सोयीचे' : फडताळे, खुंट्या, जाळ्या, टाकीचे झाकण. चौकात माकडांचा उपद्रव असल्याने गच्चीवरील टाकीचे झाकण कुलूपबंद असणे ही येथे चैन नव्हे. या खात्यातील कामे दोन-तीन महिने राहून झाल्यावर ठरवावीत. ऊन कोठे येते, वारा कोठून वाहतो आणि घरातील माणसे प्रत्यक्षात कोठे बसतात हे तोवर कळते.

तिसरे खाते 'शोभेचे'. रंग, छताची सजावट, दिवाणखान्यातील सामान. त्याची पाळी सर्वांत शेवटी. अनेक घरांत हा क्रम उलटा होतो, कारण पाहुण्यांना भिंतीचा रंग दिसतो, अर्थिंग दिसत नाही.

स्वतः करावयाच्या लहान कामांसाठी पेचकस, पक्कड, पाना, हातोडी, मोजपट्टी, पाणसळ, टेस्टर व टेफ्लॉनची पट्टी एवढी सामग्री पुरते. गळक्या नळाचा वॉशर बदलणे हा उत्तम पहिला धडा. आधी मुख्य तोटी बंद करावी, नळाचा वरचा भाग पान्याने सोडवावा, झिजलेला वॉशर दुकानात नेऊन त्याच मापाचा आणावा. सेकंदास एक थेंब गळत असेल आणि २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला सव्वाचार लिटर, महिन्याला सुमारे १३० लिटर पाणी वाया जाते. काही रुपयांचा वॉशर आणि पंधरा मिनिटांचा वेळ हे नुकसान थांबवितो.

चूल पेटविण्यापूर्वी व नंतर

घर खऱ्या अर्थाने घर होते ते चूल पेटल्यावर. गॅस सिलिंडर नेहमी उभा व शेगडीच्या पातळीखाली असावा. रबरी नळीवरील वर्ष पाहावे व पाच वर्षांनी ती बदलावी. सिलिंडरच्या कड्याखालील पट्टीवर इंग्रजी 'ए, बी, सी, डी' यांपैकी एक अक्षर व वर्षाचे आकडे असतात. 'ए' म्हणजे जानेवारी ते मार्च, याप्रमाणे पुढील तिमाह्या. सिलिंडरच्या पुढील चाचणीची ती मुदत होय. मुदत उलटलेला सिलिंडर स्वीकारू नये.

लखनौस युनेस्कोने २०२५ साली पाककलेचे सर्जनशील शहर म्हणून मान्यता दिली. चौकातील कबाब, कुलचा-निहारी आणि हिवाळ्यातील मक्खन-मलाई यांची ख्याती सर्वदूर आहे. परंतु ते जेवण कौतुकाचे, रोजचे नव्हे. नव्या गृहस्थाने वरण-भात, एक उसळ, पोहे आणि एक भाताचा प्रकार एवढे चार पदार्थ हाती बसविले तरी आठवडा निघतो. बाजारात शब्द मात्र बदलावे लागतात : तुरीची डाळ 'अरहर', रवा 'सूजी', मटकी 'मोठ', पोहे 'चूड़ा'. 'आटा' म्हणजे गव्हाचे पीठ. कोकम सहजी मिळत नाही. आमसुलाचे काम आमचुरावर भागवावे.

वरणासाठी एक वाटी डाळ अर्धा तास भिजवून तीन वाट्या पाणी, हळद व थोडे तेल घालावे. तेलामुळे फेस कमी होतो आणि शिटीचे छिद्र तुंबत नाही. डाळ असताना कुकर निम्म्याहून अधिक भरू नये. पाणी जड असेल तर डाळ शिजण्यास वेळ लागतो. म्हणून ती जास्त वेळ भिजवावी आणि आंबट पदार्थ शिजल्यानंतरच घालावा.

भाताच्या प्रकारासाठी येथील तहरी शिकावी. आपल्या मसालेभाताची ती उत्तरेकडील बहीण. दोघांसाठी एक वाटी तांदूळ वीस मिनिटे भिजवावा. कुकरमध्ये मोहरीचे तेल चांगले तापवून त्यात जिरे, तमालपत्र, लवंग व कांदा परतावा. बटाटा, फुलकोबी, मटार, हळद, तिखट व मीठ घालावे. निथळलेला तांदूळ हलक्या हाताने परतून पावणेदोन वाट्या गरम पाणी ओतावे. एक शिटी होताच आच बंद करावी आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. घाईने झाकण उघडल्यास दाणा मोडतो. उरलेला भात दोन तासांच्या आत शीतपेटीत ठेवावा.

तरतूद

दुरुस्ती अचानक उद्भवते असे आपण म्हणतो. वस्तुतः ती ठरलेली असते, केवळ तिची तारीख माहीत नसते. रंगकाम, गच्चीची जलरोधक प्रक्रिया, पंपाची दुरुस्ती हा घराचा घसाराच होय. दर पाच वर्षांनी ६०,००० रुपये खर्च अपेक्षित असेल तर दरमहा १,००० रुपयांची आवर्ती ठेव काढावी. व्याज हा वरचा लाभ.

मोठ्या कामासाठी कर्ज घ्यावे लागल्यास त्याचा प्रकार नीट निवडावा. उदाहरणादाखल, दोन लाख रुपये पाच वर्षांसाठी ९ टक्के दराने घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ४,१५२ रुपये पडतो. १४ टक्के दराने तोच सुमारे ४,६५४ रुपये होतो. पाच वर्षांत हा फरक ३०,००० रुपयांच्या घरात जातो. म्हणून घाईघाईने वैयक्तिक कर्ज वा क्रेडिट कार्डाचे हप्ते पत्करण्यापूर्वी गृहदुरुस्ती कर्जाची अथवा चालू गृहकर्जावरील वाढीव कर्जाची चौकशी शाखेत अवश्य करावी. आठवड्यातून तीन वेळचे जेवण बाहेरून मागविण्याऐवजी घरी केल्यास वाचणारी रक्कमही आवर्ती ठेवीचा हप्ता सहज भरू शकते. स्वयंपाक आणि डागडुजी ही दोन्ही अशा रीतीने एकाच खात्याच्या दोन बाजू आहेत.

वाचकहो, पहिल्या वर्षी घराकडून फार अपेक्षा करू नयेत. त्याची ओळख करून घ्यावी. एक वही ठेवावी. कोणते काम केव्हा केले, कोणी केले, किती खर्च आला आणि वायर व नळ भिंतीतून कोठून गेले आहेत, याची नोंद तीत करावी. दहा वर्षांनी घर विकताना, दुरुस्त करताना किंवा पुढील पिढीच्या हाती सोपविताना ही वही खरेदीखताच्या खालोखाल मोलाची ठरेल.