कानस पेटीत ठेव

अर्नाळा

चि. श्रीधर यास,

तुझे पत्र पावले. ती. अण्णांची मार्लिन 39-ए रायफल वारसाहक्काने, परवान्यासह रीतसर तुझ्या नावे झाली, हे वाचून संतोष झाला. परंतु चार-पाच गोळ्यांनंतर काडतूस चेंबरच्या तोंडाशी अडते आणि कधी उडालेली पुंगळी आतच राहते, एवढ्यावरून पुंगळी बाहेर ओढणारा एक्स्ट्रॅक्टरचा आकडा कानशीने घासून पाहण्याचा जो मनसुबा तू कळविला आहेस, त्याने मी पुरता धास्तावलो. ती कानस आधी पेटीत ठेव. या रायफलींच्या बहुतेक तक्रारी मळाच्या, काडतुसांच्या किंवा चालविणाऱ्याच्या हाताच्या असतात; धातूचा दोष सर्वांत शेवटी धरावा.

तपासाला बसण्यापूर्वी मॅगझिनची आतली नळी पूर्ण बाहेर काढ, लिव्हर अनेक वेळा खालीवर कर, आणि मग चेंबर उजेडात डोळ्यांनी पाहा. या लांब मॅगझिनमध्ये एखादे काडतूस दडून राहते आणि रिकामी समजलेली रायफल रिकामी नसते. जिवंत काडतूस अडकले, तर ते चाकूच्या टोकाने उचकटू नकोस, कारण या .22 रिमफायर जातीच्या काडतुसात स्फोटक मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो आणि चाकूचे टोक नेमके त्याच कडेवर येते. रायफलीच्या नळीच्या तोंडातून गज घालून ते ठोकणेही तितकेच वर्ज्य. घरात चाल पाहायची तर डमी काडतुसांवर पाहा.

आता हाताविषयी. तू बालेवाडीच्या नेमबाजी रेंजवर शिकलास ते बोल्टच्या रायफलीवर, एकेक गोळी हाताने चेंबरमध्ये ठेवून. तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला जगज्जेती झाली आणि स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले, ते याच .22 रिमफायर काडतुसावर; पण त्या पद्धतीत मॅगझिनमधून काडतूस वर उचलण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि म्हणून त्या शिक्षणातून आलेला हात लिव्हर नकळत अलगद, अर्धवट चालवितो. अर्धवट चालीत पुंगळी चेंबरमधून सुटते खरी, पण तिला बाहेर उडविणाऱ्या इजेक्टरपर्यंत पोचत नाही, आणि खालचे काडतूस त्याला वर उचलणाऱ्या कॅरिअरवर अर्धेच येऊन तिरपे बसते. लिव्हर शेवटपर्यंत, न कचरता पुढे ढकल आणि तितक्याच जोमाने मागे आण. माझा कयास असा की, तुझ्या निम्म्या तक्रारी एवढ्यानेच मिटतील.

उरलेल्यांसाठी काडतुसांची जबानी घे. अडलेल्या प्रत्येक काडतुसाच्या शिशाच्या टोकावर एकाच बाजूस ओरखडा असेल, तर ते वाटेत कोठेतरी घासते आहे. टोक शाबूत असून काडतूस कॅरिअरवर पुरते आलेच नसेल, तर मॅगझिनच्या नळीला पोचा आहे काय, आतली स्प्रिंग मळाने जड झाली आहे काय, हे पाहा. आत राहिलेल्या पुंगळीची कड भिंगाखाली धर: आकड्याने कडेचा लचका तोडला असेल, तर आकडा निर्दोष असून पुंगळी चेंबरने धरून ठेवली आहे, कड अगदी अभंग असेल, तर आकडा निसटतो आहे, आणि तसे असल्यास त्याच्याखालचा काळा मळ टोकदार काडीने काढून मगच त्याच्या स्प्रिंगवर संशय घ्यावा. सर्व पुंगळ्यांवर ठराविक एकाच जागी लांबट चरा दिसला, तर रिकाम्या चेंबरवर चाप ओढण्याची कोणाची तरी सवय नडली आहे, हे समज. रिमफायरमध्ये त्या वेळी फायरिंग पिन चेंबरच्या काठावर आपटते आणि तेथे धातूचा उंचवटा उठतो.

मला स्वतःला संशय चेंबरचाच आहे. अण्णा पुष्कळदा स्वस्त म्हणून आखूड, शॉर्ट काडतुसे वापरीत. त्या काडतुसांच्या पुंगळीपुढे मेणाचे, शिशाचे आणि दारूच्या काजळीचे कडे जमते, आणि मग लाँग रायफल काडतूस तेथवर जाऊन रुतते. त्यात ही रायफल इतकी वर्षे अर्नाळ्याच्या खाऱ्या वाऱ्यात राहिली. समोरच्या बेटावरचा किल्ला मराठ्यांनी 1737 साली घेऊन नव्याने बांधला तो अद्याप उभा आहे, पण तो दगडाचा. लोखंडाला येथे खिडकीच्या गजांपासून दरसाल रंग द्यावा लागतो. सुदैवाने या बनावटीचा मोठा स्क्रू नाण्यानेही फिरतो आणि रायफलीचे दोन भाग होतात, तेव्हा चेंबर मागच्या बाजूने काशाच्या ब्रशाने साफ कर. तेल नावापुरतेच लाव. ओघळणारे तेल काजळी धरून ठेवते. चामड्याच्या गवसणीत ती ठेवू नकोस, चामडे ओल शोषते. आणि निवडणुकीच्या वेळी शस्त्रे जमा करण्याचा हुकूम निघेल, तेव्हा ठाण्यात देण्यापूर्वी नळीत तेलाचा हात फिरवून दे, कारण परत मिळेपर्यंत मध्ये महिने जाऊ शकतात.

एका वेळी एकच गोष्ट बदल: आधी सफाई, मग चाल, मग दुसऱ्या बनावटीची काडतुसे, आणि प्रत्येकाचा परिणाम वहीत टिपून ठेव. एवढ्यानेही दोष राहिला, तर तो कारागिराचा प्रांत आहे. 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार शस्त्रदुरुस्तीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही, तेव्हा ओळखीच्या लेथवाल्याकडे न जाता परवानाधारक बंदूकदुरुस्तीवाल्याकडेच जा, आणि जाताना मूळ परवाना, ती वही व कड तुटलेल्या चार-दोन पुंगळ्या बरोबर ने.

तुझा,
काका