ट्रॉली वाटेत बंद पडली तर

ताईंनो, दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. रात्री टायर फुटला की गडी जॅक लावतात, बायका-पोरं मात्र ट्रॉलीतच झोपून राहतात. सगळ्यात मोठा धोका हाच! अंधारात मागच्या ट्रकला उभी ट्रॉली दिसत नाही. आधी पोरांना घेऊन खाली उतरा, रस्त्यापासून लांब बसा. मग फोन: राष्ट्रीय महामार्गावर १०३३, बाकी कुठेही ११२. पैसे पडत नाहीत. ट्रॉलीला मागून लाल रेडियम पट्टी निघण्याआधीच लावून घ्या.

आणि दुरुस्तीचा खर्च? तो कोणी करायचा हे गाव सोडण्याआधीच मुकादमाला चारचौघांत विचारा. काही मुकादम तो गुपचूप उचलीत चढवतात, मग फेडायचा आपल्या कोयत्याने. गॅरेजच्या पावतीचा फोटो तुमच्याही मोबाइलमध्ये ठेवा.