हात न उगारता केलेला प्रतिकार

(मंडळीच्या अभ्यासवर्गाकरिता एक पाठ)

वाचकहो, पिंपरी पेंढार हे गाव ओतूर व आळेफाटा यांच्या दरम्यान हमरस्त्यावर वसलेले आहे. ऊस वाढला म्हणजे बिबट्या घराच्या अंगणापर्यंत येतो, हे तेथील लहान मुलासही ठाऊक आहे. जुन्नर, आंबेगाव व शिरूर ह्या तालुक्यांत अशा हल्ल्यांनी कित्येक माणसे प्राणास मुकली आहेत. त्या दुःखाच्या भरात लोकांनी हमरस्ते रोखले, आणि २०२५ साली शिरूर तालुक्यात संतप्त जमावाने वनखात्याचे वाहनही जाळले. ज्याच्या घरचे माणूस गेले त्यास, "बाबा, राग धरू नकोस," असे सांगणे फार सोपे आहे. परंतु असा उपदेश पोकळ होय. राग यावा की न यावा, हा प्रश्नच नाही. तो आलेलाच आहे. त्यास कोणत्या वाटेने चालवावे, हा खरा प्रश्न आहे, व त्याचाच विचार आपण ह्या पाठात करणार आहो.

१. ह्या प्रतिकाराचे बळ कशात आहे?

पुष्कळांची समजूत अशी असते की, हात न उगारणे म्हणजे मुकाट्याने सोसणे. ही समजूत चुकीची आहे. मुकाट्याने सोसणारा मनुष्य अन्यायास आपल्या हातांनी साहाय्य करीत राहतो. अहिंसक प्रतिकार करणारा मनुष्य ते साहाय्य काढून घेतो, आणि त्यापायी जे दुःख येईल ते स्वतः सोसतो.

आपल्या आजोबांच्या काळची मोट आठवा. विहिरीत पाणी भरपूर असो, मोट नवी असो, नाडा बळकट असो; बैल धावेवरून उतरले नाहीत तर थेंबही वर यावयाचा नाही. सत्तेचे व व्यापाराचे असेच आहे. कर भरणारे, माल विकत घेणारे, ओझी वाहणारे, हुकूम पाळणारे असे हजारो लोक नित्य आपापले काम करितात, म्हणून ती चालते. त्यांनी विचारपूर्वक व एकजुटीने हात आवरला म्हणजे बलाढ्य सत्तेसही थांबून विचार करावा लागतो. मात्र "विचारपूर्वक" व "एकजुटीने" हे दोन्ही शब्द ध्यानात ठेवावे, कारण पुढील तीनही उदाहरणांचे यशापयश ह्या दोन शब्दांशी जडलेले आहे.

२. महाळुंगे पडवळचा गिरणी कामगार

जुन्नरच्या शेजारी आंबेगाव तालुक्यात महाळुंगे पडवळ नावाचे गाव आहे. तेथे १९०८ साली एका गरीब शेतकरी कुटुंबात बाबू गेनू सैद यांचा जन्म झाला. पोटाकरिता ते मुंबईस गेले व गिरणीत कामास लागले. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहाने देश जागा झाला होता, आणि त्याच्या जोडीला परदेशी कापडावरील बहिष्कार चालू होता. स्वयंसेवक दुकानांपुढे उभे राहत, गिऱ्हाइकांस विनवीत आणि मालाच्या गाड्यांस आडवे होत. पोलीस त्यांस बाजूस सारीत, मारीत व तुरुंगात नेत.

१२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईच्या काळबादेवी भागात परदेशी कापडाने भरलेली एक मोटारलॉरी निघाली असता स्वयंसेवक तिच्यापुढे आले. बाबू गेनू वाटेतून हटले नाहीत. लॉरी त्यांच्या अंगावरून गेली, आणि त्याच दिवशी ते मरण पावले. हा अपघात होता, असे सरकारी बाजूने म्हणण्यात आले; लोकांनी ते मानले नाही. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहावी. लॉरीवर दगड फेकणे त्यांस अशक्य नव्हते. कापडास आग लावणेही अशक्य नव्हते. त्यांनी केवळ आपला देह मध्ये ठेविला. दगड फेकला असता तर दगड मारणाऱ्यास शिक्षा व्हावी की नाही, ह्याचीच चर्चा झाली असती. ते निःशस्त्र उभे राहिले, म्हणून लोकांपुढे एकच प्रश्न उरला: ह्या कापडाकरिता मनुष्याचा जीव घ्यावा काय? अन्याय झाकला न जाता उघड्यावर येतो, हे ह्या मार्गाचे पहिले फळ होय. परंतु त्याची किंमतही लहान नाही, हे कोणापासून लपवू नये. ह्या मार्गाने जाणाऱ्यास काही इजा होणार नाही, असे जो सांगतो तो खोटे सांगतो.

३. मुळशीची शेते

घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयास आज ‘हुतात्मा बाबू गेनू सागर’ असे नाव आहे. ह्याच जलाशयाखाली जुने आंबेगाव गेले, आणि अनेक आदिवासी कुटुंबांस आपली जमीन सोडावी लागली. धरणाखाली जमीन जाणे म्हणजे काय, हे ह्या भागातील लोकांस सांगावयास नको. म्हणून आपल्याच पुणे जिल्ह्यातील, परंतु त्याहून जुना असा एक लढा आता पाहू.

मुंबईच्या कारखान्यांस वीज पुरविण्याकरिता टाटा कंपनीने मुळशी खोऱ्यात धरण बांधण्याचे योजिले. त्यात मावळ्यांची भातशेते बुडणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, शेतकरी बांधकामाच्या जागी जाऊन बसले व काम थांबले. पांडुरंग महादेव बापट व विनायकराव भुस्कुटे हे त्यांचे पुढारी होते. बापटांस ‘सेनापती’ ही पदवी ह्याच लढ्यात मिळाली. पुरुष तुरुंगात गेले. स्त्रियांनीही मागे पाऊल घेतले नाही.

तरीही तो लढा यशस्वी झाला नाही. त्याचे एक मोठे कारण असे की, जमीन कसणारा मावळा आणि त्या जमिनीचा कागदोपत्री धनी असलेला सावकार यांचे हित एक नव्हते. सावकारांस नुकसानभरपाई पुरेशी वाटली. कुळास तर भाकरीच गमवावी लागणार होती. बैलांच्या एका जोडीने निराळी दिशा धरिल्यावर मोट चालेल कशी? सरकारने कायद्याने जमिनी घेतल्या, काम पुन्हा सुरू झाले, आणि माणसे थकली. अखेरीस डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी काही सोबत्यांसह शस्त्रे घेऊन धरणाच्या कामाची आगगाडी अडविली. त्यांस सात वर्षांची शिक्षा झाली, व धरण पुरे झाले.

शस्त्र उचलले म्हणून लढा हरला, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. एकी आधीच ढासळली होती, आणि शस्त्र हे त्या निराशेचे चिन्ह होते. तसेच तो लढा अगदीच वाया गेला, असेही म्हणू नये. धरणाकरिता ज्याची जमीन जाते त्याचे पुढे काय, हा प्रश्न मुळशीने प्रथम मोठ्याने विचारला. पुढे अनेक धरणग्रस्तांनी तोच प्रश्न लावून धरिला, आणि १९७६ साली महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदा झाला. पन्नास वर्षांहून अधिक काळ लागला. ह्या मार्गाने चालणाऱ्यास पेरणी आपली व कापणी नातवंडांची, अशी तयारी ठेवावी लागते.

४. नागपुराहून नॅशव्हिलला

तिसरे उदाहरण दूर देशीचे असले तरी त्याची एक मुळी महाराष्ट्रात आहे. जेम्स लॉसन नावाचे एक काळे अमेरिकन तरुण १९५३ साली मेथडिस्ट मिशनच्या वतीने नागपुरास आले व हिस्लॉप कॉलेजात शिकवू लागले. युद्धात जाण्यास नकार दिल्यामुळे त्यांनी आपल्या देशी तुरुंगवास भोगलेला होता. येथे त्यांनी गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला. डोंगरावरील प्रवचन आपल्या हृदयास भिडले, असे गांधीजींनी आत्मकथेत लिहून ठेविले आहे. ज्या शिकवणीत लॉसन लहानाचे मोठे झाले, तीच त्यांस नागपुरात एका हिंदू गृहस्थाच्या जीवनातून नव्याने भेटली.

नागपुरात असतानाच माँटगोमेरी शहराची बातमी त्यांच्या वाचनात आली. तेथील काळ्या लोकांनी डिसेंबर १९५५ पासून शहरातील बसगाड्यांवर बहिष्कार घातला होता, कारण बसमध्ये गोऱ्या उतारूंकरिता त्यांस जागा सोडावी लागे. ३८१ दिवस ते पायी चालले, अथवा एकमेकांच्या मोटारींतून गेले, आणि शेवटी तो नियम रद्द झाला. त्यांचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग हे बाप्टिस्ट पाळक होते. लॉसन मायदेशी परतल्यावर १९५७ साली दोघांची भेट झाली.

पुढे नॅशव्हिल शहरी लॉसन यांनी विद्यार्थ्यांचे वर्ग घेतले. त्या शहरात दुकानांतील उपाहाराच्या जागी काळ्या माणसास बसू देत नसत. वर्गात काही विद्यार्थी शिव्या देणाऱ्यांचे सोंग घेत, ढकलीत व केस ओढीत. बाकीचे हात न उगारता बसून राहण्याचा सराव करीत. ही तयारी झाल्यावरच, १३ फेब्रुवारी १९६० रोजी, ते नीटनेटके कपडे घालून त्या जागी जाऊन बसले. त्यांस मार बसला व अटक झाली. लॉसन यांस विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. परंतु विद्यार्थ्यांची रांग मोडली नाही. १० मे १९६० रोजी शहरातील सहा दुकानांनी काळ्या गिऱ्हाइकांस प्रथमच तेथे बसवून वाढले.

सहनशीलता ही काही थोड्यांनाच जन्मतः मिळते, असे आपण समजतो. नॅशव्हिलच्या मुलांनी दाखविले की, ती नांगर धरण्याप्रमाणे शिकता येते.

५. आपल्या गावी

आता पुन्हा पिंपरी पेंढारच्या हमरस्त्यावर या. लोकांची मागणी रास्त असू शकते: पिंजरे लावावे, रात्री शेतास पाणी देण्याची पाळी येऊ नये म्हणून दिवसा वीज द्यावी, गेलेल्या माणसाच्या घरास वेळेवर भरपाई मिळावी. परंतु कृतीपूर्वी तीन गोष्टी ताडून पाहाव्या. पहिली, ही कृती कोणाला दुःख देते? रस्ता अडविला आणि एस. टी.त आजारी बाई अडकली, तर ते दुःख आपण निरपराध्यावर टाकिले. निदान आजाऱ्यास व शाळकरी मुलास वाट मोकळी ठेवावी. दुसरी, मागणी नेमकी व पुरी करण्याजोगी आहे काय, आणि ती लेखी दिली आहे काय? तिसरी, जो सर्वांत अधिक भोगतो तो मेंढपाळ, तो ऊसतोड मजूर, ती शेतात राबणारी बाई आपल्याबरोबर बसली आहे काय, की तिच्या नावाने दुसरेच बोलत आहेत?

वाहन जाळण्यास एक काडी पुरते. परंतु जळालेल्या वाहनाची चौकशी सुरू झाली म्हणजे मेलेल्या मुलाची गोष्ट मागे पडते. ज्याचे दुःख खरे आहे त्याने आपली बाजू अशा रीतीने स्वतःच झाकू नये.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न

१. मुकाट्याने सोसणे व अहिंसक प्रतिकार यांत कोणता भेद आहे?
२. बाबू गेनू यांनी दगड उचलला असता तर लोकांपुढील प्रश्न कसा बदलला असता?
३. मुळशीच्या लढ्यात कुळे व सावकार यांत फूट का पडली? आपल्या गावी अशी फूट कोठे आहे?
४. नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांनी आधी सराव का केला?
५. आपल्या गावच्या एका खऱ्या तक्रारीवर वरील तीन कसोट्या लावून पाहा. उपदेशकांनी उत्तर स्वतः न सांगता, ज्याची तक्रार आहे त्यास प्रथम बोलू द्यावे.